मोठा कुत्रा, छोटी गाडी: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडला सकाळी कुत्रा घेऊन बाहेर पडलं की माणसांची नावं कुणाला ठाऊक नसतात. 'ब्रूनोचे बाबा', 'सिंबाची आई' अशाच हाका चालतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीत गाडीचा विषय निघतो आणि प्रश्नही ठरलेले असतात. ते इथे एकत्र केलेत. मतं माझी आहेत, मापं कंपन्यांनी जाहीर केलेली आहेत. नवं मॉडेल आलं की मापं थोडी इकडेतिकडे होतात, तेव्हा बुकिंगआधी एकदा ताडून बघा.

घरात लॅब्रॅडॉर आहे. चार मीटरच्या आतली गाडी पुरेल की थेट मोठी एसयूव्हीच घ्यावी लागेल?

पुरेल. नर लॅब्रॅडॉर खांद्याशी साधारण ५६-५७ सेंटिमीटर भरतो. वजन तिशीच्या आसपास असायला हवं. आपल्याकडे पोळ्यांच्या कृपेने ते चाळिशीला टेकतं, तो भाग वेगळा. असा एक कुत्रा आणि तीन माणसं नीट निवडलेल्या छोट्या गाडीत सहज मावतात.

चार मीटरची रेघ मुळात करासाठी आखलेली आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. त्यापेक्षा मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. म्हणून सगळ्या कंपन्या याच मापात जास्तीत जास्त जागा काढायला धडपडतात आणि ते आपल्या पथ्यावर पडतं. शिवाय मेन रोडला किंवा कॉलेज रोडला गाडी लावायची वेळ आली की छोटी गाडी घेतल्याचं कुणालाच वाईट वाटत नाही.

डिकी किती लिटरची हवी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी कामाचा प्रश्न. डिकीचे लिटर मोजतात ते मागचा सीट उभा ठेवून. तो आकडा बॅगा भरणाऱ्यासाठी आहे. कुत्रा काही ओतून भरता येत नाही. त्याला उभं राहता आलं पाहिजे, अंगाभोवती वळता आलं पाहिजे आणि पाय पसरून आडवं होता आलं पाहिजे. हे लिटरच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

उदाहरण घ्या. मारुतीची बलेनो ३९९० मिलिमीटर लांब आहे, वॅगनआर ३६५५. म्हणजे बलेनो फूटभर लांब. पण वॅगनआरची उंची १६७५ आणि बलेनोची १५००. मागच्या सीटवर जर्मन शेफर्ड बसवून बघा, बलेनोत तो मान खाली घालून बसेल आणि वॅगनआरमध्ये कान ताठ ठेवून. कुत्र्याच्या दृष्टीने उंच, चौकोनी, जराशी बेढब गाडीच उत्तम. मागच्या बाजूला उतरतं छप्पर आणि तिरकी काच असलेल्या गाड्या दिसायला झोकदार असतात, पण त्या झोकाची किंमत कुत्र्याच्या डोक्याला मोजावी लागते.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे दाराची चौकट. डिकीचं दार उघडल्यावर खालचा प्लास्टिकचा उंबरा जमिनीपासून किती उंच आहे आणि उंबऱ्यापासून आतला तळ किती खोल आहे? उंबरा उंच आणि तळ खोल असेल तर कुत्रा उडी मारतो, पुढचे पाय आत पडतात, मागचे पाय उंबऱ्यावर घसरतात आणि नखांचे चार पांढरे ओरखडे कायमचे राहतात. एकदा असा घसरला की पुढच्या वेळी तो डिकीजवळ येऊन नुसता बसून राहतो आणि तुमच्याकडे बघतो. मग चाळीस किलो उचला.

तिसरं, मागचा सीट आडवा केल्यावर तळ सपाट होतो की मध्ये पायरी राहते? बऱ्याच छोट्या गाड्यांत चार-सहा इंचांची पायरी राहते. ती फोमची गादी किंवा प्लायचा तुकडा टाकून भरता येते, पण ते काम तुमच्याकडे येणार हे आधीच धरून चाला. सीट ६०:४० असा दुभंगणारा आहे का हेही विचारा. तो बहुतेक वेळा वरच्या व्हेरियंटमध्येच मिळतो आणि कुत्रा असलेल्या घराला सनरूफपेक्षा शंभर पटीने उपयोगी पडतो.

कुत्र्याचं माप नेमकं कसं घ्यायचं?

शिंप्याकडची टेप घ्या. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, बसलेला असताना जमिनीपासून डोक्याच्या टोकापर्यंत उंची, आणि कुशीवर झोपलेला असताना पाठीपासून पंजांपर्यंत रुंदी. तिसरं माप लोक विसरतात. प्रवासात कुत्रा निम्मा वेळ असाच पडून असतो. प्रत्येक मापात वितीच्या जवळपास मोकळीक धरा. पिल्लू असेल तर जातीच्या पूर्ण वाढीचं माप धरा. आठ महिन्यांच्या शेफर्डवरून गाडी ठरवू नका.

पिंजरा वापरणार असाल तर कुत्र्याऐवजी पिंजरा मोजा. लॅब्रॅडॉरसाठी विकला जाणारा ४२ इंची पिंजरा साधारण १०७ सेंटिमीटर लांब, ७१ रुंद आणि ७६ उंच असतो. मागचा सीट उभा ठेवून तो एकाही छोट्या हॅचबॅकच्या डिकीत जात नाही.

मग नवीन गाड्यांमध्ये कोणत्या बघाव्यात?

माझ्या यादीत पहिली रेनॉ ट्रायबर. लांबी चार मीटरच्या आतच, आणि तिसऱ्या रांगेचे दोन्ही सीट अवजारांशिवाय काढून घरी ठेवता येतात. ते काढले की मागे ६२५ लिटर जागा होते आणि ती उंचीलाही बरी आहे. मधला सीट पुढे-मागे सरकतो. मागच्या रांगांना एसीचे झोत वेगळे आहेत, जे या किमतीत दुर्मीळ. उणी बाजू इंजिनाची. एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. चार माणसं, एक रॉटवायलर आणि सामान घेऊन कसारा घाट चढताना एसी चालू असेल तर गिअर खाली-वर करत बसावं लागतं. शहरात आणि दिंडोरी-त्र्यंबकच्या फेऱ्यांना काही अडत नाही.

कमी पैशांत वॅगनआर. उंचीचं वर सांगितलंच. दारं मोठी, सीट बसायला सोयीच्या उंचीवर, डिकी ३४१ लिटर. मागे एसीचे वेगळे झोत नाहीत, ही एप्रिल-मेमध्ये खरी अडचण.

टाटा पंचचं मागचं दार ९० अंशात उघडतं. ऐकायला छोटी गोष्ट वाटते, पण अरुंद दारातून अंग चोरून चढणारा आणि सरळ आत पाऊल टाकणारा कुत्रा यांत फरक पडतो, विशेषतः वय झाल्यावर. डिकी ३६६ लिटरची आहे पण उंबरा उंच आहे, म्हणून पंचमध्ये कुत्र्याला डिकीऐवजी मागच्या सीटवरच घ्या. ह्युंदाई एक्स्टर याच मापाची, डिकी ३९१ लिटर.

बजेट वाढवता येत असेल तर किया सायरोस आणि स्कोडा कायलाक. सायरोसचा मागचा सीट सरकतो आणि कलतो, तो पुढे घेतला की डिकी ३९० वरून ४६५ लिटरपर्यंत जाते. कायलाकची ४४६ लिटर आहे. मला या दोघींत सायरोस जास्त पटते, कारण ती उंच डब्यासारखी आहे. लोक तिच्या दिसण्याला नावं ठेवतात, कुत्रे ठेवत नाहीत.

जिम्नीचं आकर्षण असणाऱ्यांची संख्या नाशकात मोठी आहे. अंजनेरीच्या रस्त्याला ती शोभतेही. पण चार माणसं बसलेली असताना मागची डिकी नावापुरतीच उरते. जोडप्यानेच फिरायचं असेल आणि मागचा सीट कायम आडवा ठेवायचा असेल तरच विचार करा.

बोलेरो नाशिकचीच गाडी आहे. तिचं काय?

आहे खरी, सातपूरच्या कारखान्यातूनच बाहेर पडते. आणि मळ्यात राहणाऱ्यांसाठी ती अजूनही उत्तम आहे. लांबी ३९९५ मिलिमीटर, मागचं दार कपाटासारखं बाजूला उघडतं, समोरासमोरचे दोन सीट उभे करून ठेवले की मधे मोठा कुत्रा उभा राहतो. चिखल, द्राक्षाच्या क्रेट, खताची पोती, सगळं झाडून काढता येतं. तळ मात्र जमिनीपासून उंच आहे आणि मागे गारवा पोचत नाही. मागचे सीट कायमचे काढून टाकायचा विचार असेल तर आरसीवर आसनक्षमता नोंदलेली असते हे लक्षात ठेवा. तो बदल आरटीओत विचारूनच करावा लागतो.

सीएनजी घ्यायची आहे. कुत्र्याची जागा जाते का?

जाते, आणि छोट्या गाडीत हाच खरा पेच आहे. पेट्रोलचा खर्च बघून नाशकात निम्मे लोक सीएनजीकडे वळतात, बुकिंग करतात आणि डिलिव्हरीच्या दिवशी डिकी उघडल्यावर आतला सिलिंडर बघून त्यांना कुत्र्याची आठवण येते. वॅगनआरमध्ये ६० लिटर क्षमतेचा एकच मोठा सिलिंडर डिकीत आडवा बसतो. मागचा सीट आडवा केला तरी त्यामागे भिंत उभी असते.

टाटाने ६० लिटरच्या एका सिलिंडरऐवजी तीस-तीसचे दोन सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवले आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली नेली. त्यामुळे पंच सीएनजीत २१० लिटर जागा उरते आणि वर सपाट तळ मिळतो. ह्युंदाईनेही दोन सिलिंडरची पद्धत आणली आहे. तरीही तळ उचललेला असल्याने वरची उंची कमी होते. या गाड्यांत डिकी सामानाला आणि मागचा सीट कुत्र्याला, अशीच वाटणी होते.

काही जण सिलिंडरवर फळी ठोकून त्यावर गादी घालतात. तसं करू नका. व्हॉल्व्ह आणि नळी हाताशी मोकळी राहिली पाहिजे. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी असते, तेव्हा ती सगळी सुतारकी उचकटावी लागते. कुत्र्याने कंटाळून नळी चावली तर काय, हा विचारही करून ठेवा.

महिन्याचं धावणं खूप नसेल आणि कुत्रा घरातला खरा प्रवासी असेल तर पेट्रोलच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनी गाडी घेतली तर?

होंडा जॅझ शोधा. २०१५ मध्ये आलेल्या जॅझच्या वरच्या व्हेरियंटमध्ये मागच्या सीटची बैठक थिएटरातल्या खुर्चीसारखी वर उचलली जायची आणि पुढच्या सीटमागे जमिनीपासून छतापर्यंत मोकळी जागा व्हायची. मोठ्या कुत्र्यासाठी छोट्या गाडीत याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. कुत्रा खालच्या तळावर उभा राहतो, ब्रेक लागला तरी पुढच्या सीटच्या पाठीला टेकतो. हे सगळ्या जॅझमध्ये नाही, तेव्हा बघायला गेलात की आधी सीट उचलून बघा, मग बॉनेट उघडा. जॅझ २०२३ मध्ये बंद झाली.

ईको स्वस्तात मिळते, सरकती दारं आहेत, आत खोलीभर जागा आहे. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने उन्हाळ्यात आत धग जाणवते. डिसेंबर-जानेवारीत झकास, मे महिन्यात नको.

सेडान चालेल का?

मागच्या सीटवर चालेल. डिकीत कधीच नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. तिथे हवा खेळत नाही.

आमच्याकडे पश्मी आहे. लॅब्रॅडॉरचे नियम त्याला लागू पडतात?

अर्धेच. कारवान किंवा पश्मी उंच असतो, नर ६८ ते ७२ सेंटिमीटरपर्यंत जातो, पण अंगाने सडपातळ. त्याला रुंदी कमी आणि उंची जास्त लागते. शिवाय अंगावर चरबी नसल्याने कडक तळावर तो फार वेळ बसत नाही, हाडं टोचतात. जाड गादी द्या. आणि काच पूर्ण उघडी ठेवू नका. शिकारी नजरेचा कुत्रा आहे, पांडवलेणीच्या पायथ्याशी शेळी किंवा मांजर दिसलं की चालत्या गाडीतून झेप घेईल.

ग्रेट डेन?

नर ग्रेट डेन खांद्याशी किमान ८० सेंटिमीटर. इथे छोट्या गाडीचा हट्ट सोडा, नाहीतर ट्रायबरचे मागचे सीट काढून दोनच माणसांनी प्रवास करा. सेंट बर्नार्डचंही तेच. नाशिकच्या उन्हात सेंट बर्नार्ड का पाळायचा, हा प्रश्न गाडीच्या आधी विचारायला हवा होता.

दोन लॅब्रॅडॉर आणि घरातली चार माणसं एकाच गाडीत?

ट्रायबर, मागचे सीट काढून, दोघंही मागे आणि मधे जाळी. दुसरी कुठली छोटी गाडी मला सुचत नाही. दोन कुत्र्यांचं आपसात जमत नसेल तर दोन फेऱ्या करा.

कुत्र्याला मागच्या सीटवर बसवावं की डिकीत?

छोट्या गाडीत मागच्या सीटवर. चार मीटरच्या गाडीत डिकीतला कुत्रा आणि मागून येणारा टेम्पो यांच्यात फक्त पत्रा आणि बम्पर असतो. द्वारका चौकात संध्याकाळी उभे राहिलात की हे पटेल. डिकीची जागा वापरायचीच असेल तर मागच्या सीटचा एक भाग आडवा करून कुत्र्याला पुढे, म्हणजे पुढच्या सीटच्या पाठीशी घ्या.

मोकळा सोडू नका. हिशेब सोपा आहे: ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. तीस किलोचा कुत्रा त्या क्षणी सव्वाचारशे किलोच्या जोराने पुढच्या माणसाच्या पाठीवर येतो. तो कितीही शहाणा असला तरी हे त्याच्या हातात नसतं.

पट्टा गळ्यात अडकवून बांधू नका, मान जाईल. छातीवर बसणारा हार्नेस घ्या आणि त्याला आखूड पट्टा लावून सीटबेल्टच्या खाचेत किंवा लहान मुलांच्या सीटसाठी असलेल्या आयसोफिक्स कडीत अडकवा. मला कडी जास्त विश्वासाची वाटते. सीटबेल्टचं लाल बटण नेमकं पंजाच्या उंचीवर असतं, कुत्रा कूस बदलताना त्यावर पाय देतो आणि 'टक' आवाज येऊन पट्टा सुटतो. मागच्या काचांची बटणंही तशीच दाबली जातात, म्हणून ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉक लावून ठेवा आणि मागच्या दारांचं चाइल्ड लॉकही.

तो पुढच्या सीटवरच बसतो, मागे जातच नाही.

सवय मोडा. एअरबॅग माणसाच्या छातीचा अंदाज घेऊन बनवलेली असते. समोर कुत्र्याचं तोंड असेल तर तीच त्याच्या जिवावर उठते.

उन्हाळ्यात काय बघायचं?

मागे एसीचे झोत. नाशिक थंड हवेचं म्हणून ख्याती असली तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातोच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो, आणि धाप टाकायला गार हवा लागते. मागे झोत नसतील तर पुढचे दोन मधले झोत वर-मागे वळवा, पंख्याचा वेग वाढवा आणि निघायच्या आधी गाडी सावलीत दारं उघडून थंड करा. फिकट रंगाचं सीट कव्हर घ्या. काळ्या रेक्झिनवर मे महिन्यात स्वतः हात ठेवून बघा.

काळी फिल्म लावायचा विचार करत असाल तर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्ध निकाल दिला आहे. काचेतून उजेड ठराविक प्रमाणात आत आला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के.

पाच मिनिटं दुकानात जायचं असेल तर काच थोडी उघडी ठेवून गाडीत सोडला तर चालेल ना?

नाही. २००५ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं होतं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातली होती. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं, ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेतू शकतं. दुकानातली पाच मिनिटं पाच कधीच राहत नाहीत, पुढचा ग्राहक सुट्ट्या पैशांवरून वाद घालतो.

कुत्रा लाळ गाळत, लाल जिभेने, अडखळत चालायला लागला तर सावलीत न्या, साधं गार पाणी अंगावर आणि पोटाखाली ओता, वारा घाला आणि तसेच डॉक्टरांकडे चला.

कसारा घाटात दर वेळी उलटी करतो. गाडीचा दोष?

थोडा गाडीचा, जास्त वळणांचा. उंच आणि मऊ सस्पेन्शनच्या गाड्या वळणावर जास्त झुलतात. टेस्ट ड्राइव्हला गाडी वळवताना मागच्या सीटवर स्वतः बसून बघा, तुम्हालाच ढवळलं तर त्याला ढवळणारच. निघण्याआधी तीन-चार तास जेवण देऊ नका, पाणी थोडं थोडं द्या. गोळी डॉक्टरांना विचारूनच. माणसांच्या गोळ्यांमधला अर्धा तुकडा मोडून देऊ नका. मुंबईला जाताना इगतपुरीहून समृद्धी महामार्ग धरता येतो. जून २०२५ पासून तो भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला आहे आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाटाची नागमोडी वळणं टळतात. टोल पडतो, पण सीट धुवायचा खर्च आणि वैताग वाचतो.

पावसाळ्यात त्र्यंबकला नेला की आठवडाभर गाडीला वास येतो.

कापडी सीटची गाडी असेल तर येणारच. चारही टोकांनी हेडरेस्टला बांधायची जलरोधक झोळी घ्या. ती पुढच्या आणि मागच्या सीटमधली फटही झाकते, त्यामुळे कुत्रा ब्रेकला खाली घसरत नाही. गाडीत एक जुनं सुती धोतर किंवा पंचा ठेवा, टर्किश टॉवेलपेक्षा तो केस कमी धरतो आणि लवकर वाळतो. पंजे आत येण्याआधी पुसा. एसी 'आतली हवा' वर न ठेवता बाहेरची हवा घेणाऱ्या बटणावर ठेवा, ओल बाहेर जाते. सुगंधी डब्या लावू नका. कुत्र्याचं नाक त्या वासाने हैराण होतं आणि आपल्याला ओला कुत्रा अधिक मोगरा असा तिसराच वास येतो.

कुत्रा म्हातारा झालाय, उडी मारता येत नाही.

अशा घराने एसयूव्हीच्या उंचीच्या मागे लागू नये. वॅगनआरसारख्या गाडीत सीटची उंची मधली असते, पायरी म्हणून घरातला एखादा मजबूत पाट चालतो. रॅम्प घेतलात तर लांब घ्या. आखूड रॅम्प जास्त उभा पडतो आणि त्यावर कुत्रा पाय ठेवत नाही. त्यावर खरखरीत पट्टी हवी. आधी घरात जमिनीवर आडवा ठेवून त्यावरून चालवायची सवय लावा.

इलेक्ट्रिक घेतली तर?

कुत्र्यासाठी चांगली. गाडी उभी असताना इंजिन न घुरघुरता एसी चालतो. सोबत कुणी बसून राहणार असेल तर ही मोठी सोय आहे. एकटं सोडण्याचा परवाना म्हणून तिच्याकडे बघू नका. पंच ईव्हीत डिकीची जागा पेट्रोल पंचएवढीच मिळते.

पोलीस अडवतात का?

खाजगी गाडीत पाळीव कुत्रा नेण्यावर बंदी नाही. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२५ नुसार चालकाच्या नियंत्रणात अडथळा येईल असं काही बसवता-ठेवता येत नाही. म्हणजे मांडीवर कुत्रा घेऊन गाडी चालवणं गेलं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला यातना होतील अशा तऱ्हेने नेणंही गुन्हा आहे. रेबीजच्या लसीचं कार्ड गाडीत ठेवा, गावाबाहेर हॉटेलवाले मागतात.

केसांमुळे गाडी विकताना भाव पडतो का?

पडतो. रबरी हातमोजा किंचित ओला करून सीटवरून फिरवा, केस गोळा होऊन येतात. नंतर व्हॅक्यूम. डिकीच्या उंबऱ्यावर पहिल्याच दिवशी पारदर्शक संरक्षक पट्टी लावून घ्या, ओरखडे पट्टीवर पडतात.

शोरूमवाले कुत्र्याला घेऊन येऊ देतात का?

फोन करून विचारलं तर बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारच्या आधी जा, गर्दी नसते. आत काचेच्या दालनात न्यायची गरज नाही, टेस्ट ड्राइव्हची गाडी बाहेरच मागवा. सीटवर घरची चादर अंथरा. सेल्समनला पाच मिनिटं गप्प बसवा आणि कुत्र्याला स्वतःहून चढू द्या. मग गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन या. वाटेतल्या गतिरोधकांवर मागे कुणीतरी बसून कुत्र्याकडे लक्ष ठेवा: डोकं छताला लागतं का, पाय रोवून उभा आहे की पडतोय, दहा मिनिटांनी आडवा झाला का. आडवा झाला तर बुकिंगचे पैसे द्यायला हरकत नाही. सारखा उभाच राहिला तर दुसरी गाडी मागवा.